उस्तादाची सही

नांदेड, ७ जून १९९५
माझी लाइफ भूकंपानं नाही बदलली. त्याच्या बाराव्या दिवशी, फिजिक्सच्या तासाला बदलली. वैजनाथ सर फळ्यावर किल्लारीखालचे थर काढून राहिले होते. मी उठून विचारलं, जमीन कशी हलली हे कळल्यावर माणसानं काय करायचं, ते कोणत्या पेपरला हाय? आपल्या बुजुर्गांनी इल्म आणि अमल, म्हणजे जाणणं आणि करणं, कधी वेगळे ठेवले नाहीत! सर म्हणाले, "बाळा, आधी 'कसं' तर पुरतं ऐक." वही बाकावर टाकून निघून आलो. सेकंड इयर खलास.

आज ठराव: स्वतःचं कॉलेज. सायन्सला इल्मची जोड. मार्कशीट बंद. शागिर्दानं अख्खं पुस्तक उस्तादाला वाचून दाखवायचं, मग सनद.

उजमा, माझ्या वर्गातली, पंधराला लातूरच्या कोचिंगवर शिकवायला चाललीय. त्याआधी कॉलेज उघडणं भाग हाय.

९ जून
सनदा बांधायला खाजामियाँकडे. पुस्तकं बांधणारे जिल्दसाज, उजमाचे अब्बा. म्हणाले, "मियाँ, सनद म्हणजे साखळी. तुझा उस्ताद कोण, त्याचा कोण, समदं लिहावं लागतं. तुला कोणी दिली?" म्हटलं, मी स्वतःच वाचलंय. ते हसलेसुद्धा नाहीत.

१० जून
पहाटे फजरच्या नमाजला उठून सिलॅबस लिहिणार होतो. साडेनऊला उठलो. लाइट नव्हती.

१२ जून
उजमाला व्हाइस प्रिन्सिपल केलं. "बघते," म्हणाली. म्हणजे हो!!

१४ जून, सायंकाळी ६
उद्घाटन, मामूच्या गोदामात. हजर: उजमा आणि तिची धाकटी बहीण इकरा. पहिला धडा, भूकंप. 'माणसानं काय करायचं' यावर लई भारी बोललो. इकरानं विचारलं, "पण थर सरकतात कसे, भाई?"

तो तास मी अर्धाच बसलेलो.

उजमानं पिशवीतून वही काढली. माझी! पावणेदोन वर्षं जपलेली! दिल गार्डन गार्डन. उघडली तर माझ्या अर्ध्या पानाखाली उरलेला तास तिच्या अक्षरात, तळाशी वैजनाथ सरांची सही. पुढच्या पानावर तारीख दुसऱ्या दिवशीची: सगळा वर्ग किल्लारीला, पत्र्याची घरं उभी करायला. म्हणाली, "तुझ्या सवालाचा जवाब सर त्याच तासाला देणार होते. घाई तुलाच होती. आता वाचून दाखव. मी सरांना बोललेय, पुरतं वाचलंस तर तुझ्या सनदेवर सही देतात."

माझ्या कॉलेजात मलाच शागिर्द करते! म्हटलं, इथं दुसऱ्या उस्तादाची वही चालणार नाही. तिनं वही इकराकडे सरकवली. "तू वाच गं."

इकरा वाचायला लागली.

मी उठलो, बाहेर आलो, दार ओढून घेतलं. वही आतच राहिली.