अब्बांच्या दोरीवरचे रंग

६ जानेवारी
दुकान उघडलं, भगोणं चढवलं, पाणी उकळेपर्यंत खोकत बसलो. ताप नाही. टीबीच्या गोळ्या चालू. लघवी नारिंगी, घाबरू नका म्हणाले आहेत. रंगाऱ्याच्या पोटातही भट्टी लागलेली, म्हटलं, चला. एक दुपट्टा, दोन परकर. हल्लीच्या गिऱ्हाइकाला फक्त मॅचिंग हवं, रंगाचं नाव नको.

८ जानेवारी
धनजहून सुमनताई आल्या. सुनेचं डोहाळजेवण. स्वतःची मोतिया रंगाची सुती साडी आणली, जरीकाठी. म्हणाल्या, "माह्या मायनं देल्ली होती, भाऊ. सुनेले नेसवाची हाय, हिरवी करून द्या. पोपटी नोका करू, लई भडक होते. कवळ्या हरबऱ्याच्या पाल्यावानी."
म्हणजे धानी. किती वर्षांनी कोणी धानी मागितला! अब्बांच्या हातचा रंग तो. जीव खुश झाला.

९ जानेवारी
साडी टाकली. हिरवी होईना. मातकट दिसत राहिली. दारात उजेडात धरून पाहिली, तरी तेच. रंगाची पुडी कमी पडली असेल म्हणून आणखी टाकली. पुन्हा पाहिली. आणखी टाकली. शेवटी वैतागून वाळत घातली. उजेडच नव्हता आज नीट.

१० जानेवारी
सुमनताईंनी घडी उलगडली, काठ उजेडात धरला. मग, "भाऊ, हे काय करून ठेवलं? काळी केली तुमी साडी! डोहाळजेवणाले काळी?"
मी पाहत होतो. मला काळी दिसत नव्हती, हिरवीही नाही. बायको शमीम आतून आली, पाहिलं, तोंडाला पदर लावला. सुमनताई ओरडल्या नाहीत. तिथेच बाकावर बसून रडल्या. मी म्हटलं, पुड्या बदलल्या गेल्या. खोटं बोललो. पुडी बरोबर होती, माझ्या हातचीच.
साडी घेऊन गेल्या. पैसे मी मागितलेच नाहीत, कोणत्या तोंडाने मागणार.

११ जानेवारी
गोळ्या देणाऱ्या ताईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, नजरेत फरक वाटला तर लगेच सांगजा. सांगितलं तर गोळ्या बंद करतील, मग टीबी उलटेल. नाही सांगितलं तर... शमीमला बोललो नाही. भीती वाटते. सरळच लिहितो, फार भीती वाटते.

१२ जानेवारी
ट्रंकेतून अब्बांची दोरी काढली. नमुन्याच्या चिंध्या गाठी मारून ओवलेल्या, प्रत्येक त्यांनी स्वतः रंगवलेली. लहानपणी रोज म्हणून घ्यायचे. आज एकेक गाठ धरून म्हणत गेलो: कुसुंबी, उन्नाबी, फालसई, प्याजी, कासनी, अस्मानी, फाख्तई, शेवाळी 'काही', मुंगिया, धानी. सगळी बरोबर! एकही चुकली नाही. जीव भांड्यात पडला. जेवलो पोटभर.

१३ जानेवारी
पुन्हा म्हटली, पुन्हा सगळी बरोबर. श. दारात उभी राहून ऐकत होती. ती रिठदची, घरात तिचीच वऱ्हाडी चालते. म्हणाली, "तुमी पाहून राह्यले, का म्हणून राह्यले?"
समजलं नाही. तिने दोरी घेतली, बसून सगळ्या गाठी सोडल्या. दातांनी सोडल्या काही. चिंध्या टोपलीत कालवल्या, माझा पाठ क्रम मोडला, एक पुढे धरली. "सांगा."
मला सांगता येईना. 'काही'? उन्नाबी? एक शेवाळ्याचा हिरवा, एक बोरासारखा लाल, आणि मी दोन्हींत अडकलेला.
"उन्नाबी हाय," ती म्हणाली.

१५ जानेवारी
श.ने जीपमध्ये बसवून वाशीमला नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. मला फक्त ठिपके. "आधी का नाही सांगितलंत?" मग म्हणाले, एका गोळीमुळे होतं काहींना. ती आजपासून बंद, बाकीच्या चालू. टीबीचं ते बघतील. मी विचारलं, रंग परत येतील? "बहुतेकांना येतात, हळूहळू. खात्री देता येत नाही."
बहुतेक. अख्ख्या रस्त्यात हा एकच शब्द.

२२ जानेवारी
आता रंग श. पाहते, मी पुडी नि मीठ सांगतो. धंदा चालतो. पण पूर्वी नाव घेतलं की डोळ्यांपुढे रंग यायचा. आता धानी म्हणतो आणि सुमनताईंची साडी येते.

९ फेब्रुवारी
रोज चहाआधी श. चिंध्या धरते, मी सांगतो. महिनाभर "नाही, नाही" ऐकलं. आज फालसई म्हटलं, तर "बरोबर"! मी उठून उगाच दुकान झाडलं.

१७ फेब्रुवारी
प्याजी बरोबर. मुंगिया बरोबर. काल धानीसुद्धा. श. म्हणते, "आता घोर नोका करू, येऊन राह्यले रंग." झोप लागायला लागली आहे. लाल कुसुंबी मात्र अजून राखेसारखी दिसते, तरी नाव बरोबर येतं. असं कसं?

१८ फेब्रुवारी
आज तिने अस्मानी धरली. निळा रंग मला कधीच सोडून गेला नाही, अंधाऱ्या कोठडीतही ओळखीन. मुद्दाम म्हटलं, "कुसुंबी."
तिने चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरोबर," म्हणाली आणि चिंधी टोपलीत टाकली. चहा दिला, साखर जास्त घातली होती.
रागावू तरी कसा? जेवत नव्हतो, झोपत नव्हतो, तिनेच ते सगळं पाहिलं. पण परवाची धानी मला खरंच हिरवी दिसली होती. दिसली होती ना? डॉक्टरांना धानी ठाऊक नाही. अब्बा नाहीत. खरंखोटं सांगणारी ती एकटी.

१९ फेब्रुवारी
श. पाण्याला गेली तेव्हा टोपलीतून मला धानी वाटते ती चिंधी काढून खिशात ठेवली. धनजला निघतो. सुमनताईंसमोर धरीन आणि विचारीन, कवळा हरभरा असाच असतो का. त्यांना माझी दया यायचं काही कारण नाही.