माझी खोड लागलेलं घड्याळ

चिरंजीव धाकटीस,

थोरलीचे भरपूर आशीर्वाद. एकाहत्तराव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घेताना तुला अवघडल्यासारखं होत असेल, पण मी तुझ्याआधी चार वर्षं या जगात आले आणि तो हक्क मी सोडणार नाही. गुडघे कसे आहेत ते कळव. तुझ्या ह्यांचा खोकला कसा आहे ते कळवू नकोस, तो मला फोनवर मागून ऐकू येतो. इकडे सगळे ठीक आहेत. मी ठीक आहे की नाही, हे मात्र मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. सूनबाईला समोर बसवलं आहे आणि बजावलं आहे की मी बोलेन तसं लिहायचं, शाळेतल्या पोरांच्या वह्यांसारखं सुधारायचं नाही. (ती हसली. हसलीस हेही लिही म्हटलं.)

आपला पाणबुड्या येत्या गुरुवारी तुझ्याकडे पोहोचेल. हा माझा नातू लहानपणी अंघोळीच्या टबात बसायला घाबरायचा, आणि आता जहाजांच्या बुडाखाली उतरून तळाला काय चिकटलंय, कुठे चीर गेलीय ते बघायची नोकरी करतो. तुमच्या बंदरात नवं काम, आणि राहायला तुझी वरची खोली, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की तो येताना मनगटावर एक नवं घड्याळ घालून येणार आहे आणि त्या घड्याळात माझं काहीतरी अडकलं आहे. पहिल्यापासून सांगते.

हे घड्याळ तीन वर्षं त्याच्या डोक्यात होतं. खेळाडूंचं, पाणबुड्यांचं, आत सगळी चाकं आणि कमानी, बॅटरी अजिबात नाही. घ्यायची वेळ आली तेव्हा मला म्हणाला, आजी, तू चल, तुझ्या हाताला यश आहे. चाळीस वर्षं लोकांची पोरं या हातात आली, त्यातली बहुतेक रडली, म्हणून घरात माझ्या हाताचा असा बोलबाला आहे. मी गेले. दुकान म्हणजे आमच्या इस्पितळातली शस्त्रक्रियेची खोली. तसाच गारठा, तशीच आवाज न करता चालणारी माणसं, आणि काउंटरमागे पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ, जो इतकं हळू बोलत होता की मला वाटलं आत कोणीतरी गेलं आहे. भिंतीवरच्या काचेत साठ-सत्तर घड्याळं, आणि सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेली. बाहेर दुपारचे चार वाजलेले. मी हातमोजेवाल्याला विचारलं, इथे दहा वाजून दहा मिनिटांनी काय झालं? तो म्हणाला, काही नाही आजी, काटे तसे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं. मी पुन्हा पाहिलं. साठ-सत्तर जण एकदम हसत होते आणि एकाच्याही अंगात धुगधुगी नव्हती.

त्याने आमचं घड्याळ काढलं, तेही त्यातलंच, हसून थांबलेलं. पाणबुड्याचे हात घामेजले होते, म्हणून त्याने आपलं मनगट मागे घेतलं आणि माझं पुढे केलं. आधी तू, म्हणाला. पोलादी पट्टा. गार म्हणजे किती गार, तर पहाटेच्या नळाच्या पाण्यासारखा. माझ्या मनगटाला तो बादलीच्या कडीसारखा लोंबला. मग हातमोजेवाल्याने कडी मिटली, ती कट् करून बसली, आणि तो आवाज ऐकून मला उगाच वाटलं की आता ही माझ्या परवानगीने उघडायची नाही. काट्यांमागे आकडे नाहीत, नुसते ठिपके. पाणबुड्याला वाटलं आजीला वाचता येणार नाही. माझ्या चार बोटांना बारा पेरं आहेत आणि त्या तबकडीला बारा ठिपके. आकड्यांची अडचण शिकलेल्यांना. (सूनबाई, थांबू नकोस.)

हातमोजेवाला म्हणाला, याला चावी द्यावी लागत नाही, हे घालणाऱ्याच्या हालचालीवर चालतं. मी म्हटलं, म्हणजे माझ्यावर जगतं. तो म्हणाला, तसं समजा. घड्याळाच्या पाठीला काच आहे आणि आत अर्ध्या चकतीएवढा एक जड तुकडा मोकळा सोडलेला आहे. मी हात वळवला तसा तो आतल्या आत फिरला. मला दिसला नाही, कळला. धाकटे, पोटात पोर कूस बदलतं तेव्हा वरून हात ठेवणारीला जसं कळतं, तसं. मी घड्याळ कानाला लावलं. नळी लावून पोटातले ठोके ऐकावेत तसे, बारीक आणि घाईचे. आणि तो सेकंदाचा काटा निघाला. आपल्या घरातल्या घड्याळासारखा उड्या मारत नाही, तेलावरून गेल्यासारखा सरकतो. घड्याळाच्या बाहेरची कडा एकाच बाजूला फिरते, हेही त्याने दाखवलं. पाण्याखाली धक्का लागून ती सरकलीच, तर पाठीवरच्या हवेचा उरलेला वेळ कमी दाखवेल, जास्त कधीच नाही. मी म्हटलं, इतका प्रामाणिक डॉक्टर मला चाळीस वर्षांत भेटला नाही.

इथपर्यंत सगळी मजा होती. आता माझी खोड ऐक. माझी नाडी सहा ठोके सरळ देते आणि सातवा गिळते. कधीपासून ते माहीत नाही, पण बाळंतिणीच्या उशाशी रिकामी बसले की स्वतःचीच नाडी धरायची सवय, त्यामुळे ती खोड मला माझ्या आवाजासारखी ओळखीची. तर तो काटा सरकत होता, आणि मी उगाच पेरं मोजत होते. सहा सेकंद सरकला. सातव्याला थबकला. पापणी लवेल इतकाच, आणि पुन्हा चालू. मी पुन्हा सहा पेरं मोजली. सातव्याला थबकला. मी घड्याळ काढायला लावलं आणि मखमलीवर ठेवलं, तरी तेच. मग मी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. पट्ट्याचा गारवा अजून होता. आठ, नऊ, दहा, अकरा, नाडी सरळ धावत होती, एकही ठोका न गिळता. चार वेळा मोजलं. घरातलं कायम कुरकुरणारं दार एके दिवशी गप्प उघडावं, आणि त्यामागे कोण उभं आहे म्हणून आपण बघतच राहावं, तसं झालं मला.

मी म्हटलं, हे अडखळतंय. हातमोजेवाला दुखावला. आत एक घड्याळजी बसला होता, डोळ्यात भिंग अडकवलेला, त्याच्याकडे घड्याळ गेलं. त्याने ते यंत्रावर ठेवलं, यंत्राने रेषा काढली, रेषा सरळ. मग त्याने भिंग लावून काटा पाहिला. बराच वेळ पाहिला. भिंग काढून बाहेर आला आणि मला म्हणाला, आजी, तुम्ही याला काय केलंत? मी म्हटलं, मी काही केलं नाही, तुमच्या माणसाने हात मागितला, मी दिला. त्याने आत जाऊन दार लावून घेतलं. पाणबुड्याला अर्थातच काही अडखळताना दिसत नव्हतं; त्याला ते घड्याळ सोडून दुकानात दुसरं काहीच दिसत नव्हतं. दुसरं हवं तर आठ महिने थांबा, असं हातमोजेवाला म्हणाला. मी म्हटलं, हेच घे. आपली वस्तू परक्यांच्या कपाटात, त्या हसणाऱ्यांच्या रांगेत ठेवून यायची का?

घरी आल्यावर पाणबुड्या ते घालून तलावात पोहायला गेला, घड्याळाची परीक्षा म्हणे. मी इथे कपड्यांच्या घड्या घालत होते. एकदम कानाला दडे बसले आणि सूनबाई बोलते आहे ती दुसऱ्या गावाहून बोलते आहे असं वाटायला लागलं. बोटांना सुरकुत्या. (सुरकुत्या नेहमीच असतात, असं लिहिणारीचं म्हणणं आहे. या ओल्या होत्या.) मी आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही हे तुला माहीत आहे.

आणि मग गाजराचा दिवस. त्याआधीच्या शुक्रवारी पाणबुड्या मित्रांबरोबर डोंगर चढायला गेला आणि घड्याळ फळीवर ठेवून गेला. ओरखडे पडतील म्हणाला. खेळाडूचं घड्याळ घ्यायचं आणि खेळताना घरी ठेवायचं, ही शिकलेल्यांची रीत. हातमोजेवाल्याने सांगितलं होतं की हातावर नसलं तर हे सत्तर तास चालतं आणि मग थांबतं. सोमवारी दुपारी घरात मी एकटी, स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून गाजर कापत होते. एक काप पाडला. दुसरा पाडायला सुरी टेकवली, तर समोर पाणबुड्या उभा, अंगावर धूळ, हातात घड्याळ, ते हलवत होता. मी म्हटलं, आलास? आणि काप पाडला. तो म्हणाला, आजी, मी पाच मिनिटं हाका मारतोय, कसल्या विचारात होतीस? मी कसल्याच विचारात नव्हते. माझ्या लेखी त्या दोन कापांच्या मध्ये श्वास घेण्याएवढीही जागा नव्हती. पण फळीवरचं घड्याळ एक वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं, भिंतीवरच्यात साडेचार झाले होते, आणि गाजराचं कापलेलं तोंड सुकून आक्रसलं होतं. ते गाजर मी जेवणात घातलं नाही.

तेव्हापासून मी त्या घड्याळावर नजर ठेवून आहे. आता ते माझ्या नजरेपलीकडे चाललं आहे, एवढंच सांगायचं होतं. तुझ्या ह्यांना नमस्कार, वरच्या खोलीच्या खिडकीची कडी दुरुस्त करून घे, पोरगा उंच आहे, दाराला डोकं आपटेल ते सांगून ठेव.

तुझी,
थोरली

ता. क. एवढंच सांगायचं होतं असं म्हटलं ते खरं नाही. एक काम आहे. तो रात्री घड्याळ काढून ठेवतो ते ठीक, पण दोन दिवस सलग फळीवर पडलेलं दिसलं, तर तो कामावर गेला की तू ते हातात घेऊन चांगलं हलवत जा, पाच मिनिटं तरी. त्याला कारण सांगू नकोस. हसेल, आणि मग मुद्दाम काढून ठेवेल, तो माझाच नातू आहे.

ता. क. २. मावशी, सादर नमस्कार. हे मी, म्हणजे तुमची सूनबाई, माझ्या मनाने लिहिते आहे, आईंना वाचून दाखवणार नाही. काळजी करू नये. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी आईंना ठोके नियमित व्हायची गोळी सुरू केली आहे, रोज सकाळी मीच त्यांच्या तळहातावर ठेवते. नाडी सरळ झाली ती त्यामुळे. तो काटा मी तीन वेळा पाच-पाच मिनिटं बघत बसले, मला तो एकदाही थबकलेला दिसला नाही. गाजराच्या दिवशी त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. खरं म्हणजे तो दोन वर्षांसाठी जातो आहे, हे वाक्य त्यांच्या तोंडून अजून एकदाही निघालेलं नाही, आणि मी काढायला लावलेलं नाही. तेवढं घड्याळ मात्र हलवत जा. त्याने बिघडत काही नाही.

ता. क. ३. अक्षर बदललेलं दिसेल. हे मी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडून लिहून घेते आहे. पाकीट चिकटवून आणते म्हणून निघाले आणि इथे थांबले, कारण माझं बोलणं संपल्यावरही सूनबाईचं पेन चालूच होतं. मला अक्षर कळत नाही, पण पेन किती वेळ चालतं ते कळतं. शिंप्याने सगळं वाचून दाखवलं. ती पोर गुणी आहे, पण त्या पांढऱ्या गोळ्या सगळ्या या शिंप्याच्या बटणांच्या डब्यात आहेत. मीच टाकते. मला त्यांच्या नुसत्या वासाने मळमळतं, मी पहिल्या दिवसापासून एकही गिळलेली नाही. (शिंपी म्हणतो, तरीच, परवा एक शर्टाला लावायला घेतली तर भोकं सापडेनात.) तेव्हा नाडी गोळीने सरळ झालेली नाही. हे तिला कळवू नकोस. बाकी त्याच्या जाण्याबद्दल तिने शेवटी जे लिहिलं आहे ते खरं आहे, त्यावर मला बोलायचं नाही.

आणि हलवायचं राहू दे, तू विसरशील. तो घड्याळ ठेवून जाईल तेव्हा तू ते हातात घालत जा. तुझ्या धाकट्या मुलाच्या वेळी मी अकरा तास तुझा हात धरून बसले होते, तेव्हाच मला कळलं होतं की तुझीही नाडी सातवा ठोका गिळते. सांगितलं नाही, घाबरली असतीस. घड्याळाला आपल्या दोघींतला फरक कळणार नाही. फक्त घातल्यावर स्वतःची नाडी बघू नकोस, आणि झोपायला आडवी होण्याआधी आठवणीने काढ. आजवर माझी जी वस्तू तू वापरायला नेलीस ती परत केली नाहीस. ही करावी लागेल.