महालक्ष्म्यांचे लाकडी हात

बाबा, महालक्ष्म्यांसाठी तुम्ही केलेले ते लाकडी हात दादानं गेल्या आठवड्यात ग्वारीघाटला नेऊन नर्मदेत सोडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलायची सवयही मोडली, आणि ही बातमी आता तुमच्या काही कामाची नाही हे मलाही कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगावी तर आधी ते हात काय होते हेच समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगायचा मला वीट आलाय. एक तुम्हालाच ते समजावावं लागणार नाही.

रांझीच्या क्वार्टरमध्ये भाद्रपदात आपल्याकडे महालक्ष्म्या बसायच्या. मुखवटे पितळेचे, आजोबांच्या वेळचे. त्याखाली लोखंडी स्टँड, त्यावर आईनं चापूनचोपून नेसवलेलं लुगडं, आणि दोन्ही बाजूंना भुसा भरलेले कापडी हात. ते हात नुसते लोंबायचे. आईनं बांगड्या चढवल्या की घसरून खाली यायच्या, आणि दर वर्षी ती तेच म्हणायची, "माहेरी आलेल्या लेकींचे हात असे असतात का? जशा काही दुखणाईत आणून उभ्या केल्या." तुम्ही ऐकून घ्यायचात. मग एका वर्षी उन्हाळ्यापासूनच तुम्ही फॅक्टरीतून आल्यावर चहा घेऊन पलंगाचे पाय करणाऱ्या खरादवाल्याकडे जाऊन बसायला लागलात. आईला वाटलं नवा पलंग होतोय. घरी आलं ते फडक्यात बांधलेलं गाठोडं, आणि त्यात सागवानाचे दंड, पंजे आणि गोळ्या. खांद्याच्या मोठ्या, कोपराच्या त्याहून लहान, मनगटाच्या लिंबाएवढ्या.

तुम्ही ओसरीत बसला आहात, बनियनवर, आणि काचकागदानं एकेक गोळी घासता आहात. मी शेजारी उकिडवी. गोळीच्या मधून आरपार भोक, दंडाच्या टोकाला तिच्या मापाची खोलगट वाटी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून तुम्ही त्या पंजापासून खांद्यापर्यंत ओवता, ताणता, आणि वर आकड्यात अडकवता. मग म्हणता, "आता बघ." कोपर वाकवता आणि सोडून देता. हात तसाच वाकलेला राहतो. पडत नाही, लोंबत नाही. "काहून नाही पडत?" मी विचारते. तुम्ही म्हणता, "रबर आतून ओढून राहिलं ना. सैल सोडलं की संपलं." एका गोळीत भोक तिरकं गेलं होतं. ती तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत. "घे, ही वाया गेली." माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या भेटींमध्ये तिच्याएवढी सांभाळलेली दुसरी नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या तेव्हा थोरलीचा एक हात आशीर्वादाचा होता आणि धाकटीनं पदराचं टोक धरलं होतं. आई कितीतरी वेळ दारातून नुसती बघत राहिली. मी मात्र कुणाचं लक्ष नाही असं बघून धाकटीचा हात वर केला आणि टाटा करायला लावला. तुमचा आवाज मागून आला, फार मोठा नव्हता, तरी मी गार पडले. "खेळणं नाही ते. आधी हात धुऊन ये." मी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि परत आले तर तुम्ही सरकून मला जागा दिलीत आणि म्हणालात, "आता पदर धरव तिला. हळू." मी तो हात वाकवला. आतून रबरानं जी ओढ दिली ती मला अजून बोटांत आठवते.

आणि मग हळदीकुंकवाला ती बाई आली. तुमच्या सेक्शनमधल्या कुणाची तरी बायको, मनानं चांगली, नेहमी हसून बोलणारी. तिनं हात बघितले आणि टाळी वाजवली. "अरे वाह भाभी, ये तो बिल्कुल कठपुतली हो गई." सगळ्या हसल्या. तिला कौतुकच करायचं होतं, हे मला आज कळतं. पण त्यानंतर जी आली ती आत शिरतानाच विचारत होती, "कठपुतली कहाँ है?" बघणाऱ्यांपैकी कुणी कोपर बघितलं नाही, पदर धरलेली बोटं बघितली नाहीत. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आंबिलीची वाटी घेऊन उभे होतात. पुढच्या वर्षी कापडी हात परत आले. आईनं विचारलं तर म्हणालात, "रबर ढिलं झालं." रबर ढिलं झालेलं नव्हतं. मी आदल्या दिवशीच ट्रंक उघडून बघितलं होतं.

आता माझं ऐका. मी अधारतालला राहते, एकटी, शाळेत गणित शिकवते, आणि माझ्याकडे बाहुल्या आहेत. रेझीनच्या, गुडघ्याएवढ्या, प्रत्येक सांध्यात गोळी असलेल्या, आतून रबरी दोरी ओवलेल्या. पहिली आली ती कोरियातून, कुणीतरी वापरून विकलेली, आणि वाटेत तिची दोरी तुटलेली होती. खोकं उघडलं तर सगळे सुटे भाग. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. मी पलंगावर चादर पसरली, आकडा घेतला, दोरी ताणली, वर अडकवली आणि कोपर वाकवून सोडून दिलं. ते तसंच राहिलं. त्या दिवशी मी इतकी रडले की शेजारच्या दीदी विचारायला आल्या कुणी गेलं का म्हणून.

या बाहुल्यांना चेहरा नसतो, तो आपणच रंगवायचा. भुवया, पापण्या, ओठांवरची रेघ, सगळं. मी माझ्या एका बाहुलीला आपल्या धाकट्या महालक्ष्मीचा चेहरा दिलाय, तेच मिटायला आलेले जड डोळे. तिला काठाचं लुगडं नेसवलंय, आईसारखंच चापूनचोपून. आणि लोक काय म्हणतात? "अच्छा, वो जापानी कार्टूनवाली. बड़ी-बड़ी आँखोंवाली." डोळे समोर आहेत, अर्धे मिटलेले, आणि लोक त्यांना मोठे म्हणतात. आमचा फोनवर एक गट आहे, देशभरातल्या बाहुल्यावाल्यांचा. कोलकात्याची एक नर्स आहे, बेंगळुरूचा एक दातांचा डॉक्टर आहे. सगळ्यांचं रडगाणं एकच. डॉक्टरचे सासरे पाहुण्यांना सांगतात, जावयाला ॲनिमेचा, त्या जपानी कार्टूनांचा, नाद आहे. त्यानं आयुष्यात एकही बघितलेलं नाही. नर्स तिच्या बाहुल्यांना आजीच्या साड्यांचे तुकडे शिवते, आणि तिला वाढदिवसाला त्या कार्टूनांची चित्रं छापलेले कप मिळतात. गटात ज्यांना ती कार्टूनं मनापासून आवडतात ते म्हणतात, एवढं काय मनाला लावून घेता. त्यांचंही बरोबर असेल. माझा त्या कार्टूनांवर राग नाहीच. भाचीबरोबर बसून मी एक पूर्ण बघितलंय, त्यात रडलेही. राग याचा येतो की लोकांना एक शब्द सापडला की ते बघायचं थांबवतात. त्यांच्या दृष्टीनं ओळख पटली, काम झालं. तुम्हाला मी हे सांगायला नको.

भाची म्हणजे दादाची मुलगी. मराठी कळतं तिला, बोलते हिंदीत. फार गुणी आहे, आणि या सगळ्यात तिचा हेतू चांगलाच होता. तिच्या कॉलेजच्या मुलांनी छंदांचं प्रदर्शन भरवलं. ती म्हणाली, "आत्या, प्लीज़, आपकी डॉल सब लोग देखेंगे." मी गेले. शाळेतून सुट्टी काढून, बाहुलीला नवं लुगडं नेसवून, दागिने घालून. हॉलवर पोचले तर माझ्या टेबलावर ही एवढी मोठी पाटी, ॲनिमे कॉर्नर. शेजारी जांभळे, निळे केस लावलेली मुलं. भाचीला म्हटलं, हे काय करून राहिली तू? ती म्हणाली, "आत्या, और कहाँ रखते?" खरंच, कुठे ठेवणार होती ती. मधमाश्या पाळणाऱ्यांना टेबल होतं, तिकिटं जमवणाऱ्यांना होतं. आम्हाला दुसरी जागाच नव्हती.

दिवसभर एकच प्रश्न. जांभळ्या केसांची एक मुलगी समोर वाकली. "आंटी, ये कौन-से ॲनिमे की है?" किसी की नहीं, म्हटलं, चेहरा मैंने बनाया है. "हाँ, पर इंस्पायर्ड किससे?" मी म्हटलं, महालक्ष्मी. ती गोड हसली. "ओह, इंडियन वर्जन." आणि माझ्या बाहुलीच्या हातात आपली खेळण्यातली तलवार अडकवून फोटो काढायला लागली. मी म्हणाले, "खिलौना नहीं है वो." माझाच आवाज मला ऐकू आला, बाबा, आणि तो तुमचा होता. फक्त हात धुऊन ये म्हणायचं, सरकून जागा द्यायची, ते मला जमलं नाही. मी तलवार काढून घेतली आणि ती मुलगी सॉरी म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर माझा फोटो. खाली लिहिलेलं, ॲनिमे की दीवानी टीचर. फोटोत बाहुलीचा हात कोपरापासून कापला गेला होता.

आता हे सगळं दादाशी कसं जोडलं गेलं ते सांगते. महालक्ष्म्या आता त्याच्याकडे असतात, आणि तुमची ट्रंकही. या वर्षी मी त्याला म्हटलं होतं, बाबांनी केलेले हात काढ, त्यातलं रबर सडलं असेल, मी नवीन ओवून देते, आता मला येतं. आईची हौस अर्धी राहिली ती पुरी होईल. तो म्हणाला होता, "चलो, आण तुझं रबर, बघू." मी जाड दोरी मागवली, खास त्या मापाची. ती पर्समध्ये टाकून रांझीला गेले, बसमध्ये सारखी पर्स चाचपत. दादा ओट्यावर पेपर वाचत बसला होता. मी म्हटलं, हात काढलेस का? त्यानं पेपर खाली ठेवला नाही.

"ते सोडून आलो ग्वारीघाटला."

मला कळेचना. मी म्हटलं, काय सोडून आलास?

"अगं, देवीच्या अंगावरचे होते ते. फेकायचे थोडेच? नीट हळदकुंकू वाहिलं, निर्माल्याबरोबर नावेतून मधोमध नेऊन सोडले."

"पण मी लावणार होते ना. तूच म्हणालास रबर आण."

"हो, म्हणालो. मग तो पेपर आला. सगळे मला विचारून राहिले, बहनजी कार्टून की गुड़िया रखती हैं क्या. मला वाटलं, तू ते हात तुझ्या त्या कार्टूनांना लावशील. काहून उगाच देवीचं तिकडे जाऊ द्यायचं?"

"दादा, त्यातला एक हात माझ्या अख्ख्या बाहुलीपेक्षा लांब आहे."

"अच्छा?" तो म्हणाला. "ते मला काय माहीत."

माझ्या घरी तो कितीदा आलाय. त्या बाहुल्या काचेच्या कपाटात, समोरच्या खोलीत असतात. त्यांच्यासमोर बसून तो पोहे खातो. मी विचारलं, "बुडाले?" म्हणाला, "लाकूड कुठे बुडतं. रबर तर केव्हाच गेलं होतं, सगळं सुटं झालं. गोळ्या गोळ्या वेगळ्या वाहत गेल्या. दूरपर्यंत दिसत होत्या." एवढं सांगताना त्याचाही आवाज जरा उतरला. वहिनीनं चहा आणला. मी चहा घेतला, बिस्किटही घेतलं, आणि रबराची दोरी तशीच घेऊन घरी आले.

दादाचा मला जितका राग यायला हवा तितका येत नाही. त्यानं त्याच्या समजुतीनं देवीचं देवीलाच वाहिलं. राग तुमचा येतो. एका बाईच्या एका शब्दासाठी तुम्ही ते हात ट्रंकेत घातलेत, आणि तिथे त्यांचं रबर सडलं. ते दर वर्षी महालक्ष्म्यांना लागले असते तर लोकांना त्यांची सवय झाली असती, आणि दादाला कळलं असतं ते काय होते. हे तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं. आणि सांगून झाल्यावर मी उठून माझं काचेचं कपाट बघितलं. ते रिकामं आहे. पेपर आला त्याच दिवशी मी सगळ्या बाहुल्या खोक्यात घालून पलंगाखाली सारल्या होत्या. भाचीनं विचारलं, तर मी म्हणाले, दोरी ढिली झाली.

हे पत्र कुठे जाणार नाही. घरात ते वाचायलाही दुसरं कुणी नाही. एकच गोष्ट राहिली. तिरक्या भोकाची ती गोळी माझ्याकडे आहे, दादाला मी सांगितलेलं नाही. कळलं तर म्हणेल, तीही दे, नीट सोडून येतो, आणि ती देवीच्या अंगावर कधी चढलीच नव्हती हे मला त्याला समजावत बसावं लागेल. शाळेतून आल्यावर मी ती घेऊन बसते. खरं सांगते बाबा, हात न धुता.