खिरीतला बदाम

स्टाफान,

हे पत्र तुला देणार नाहीच. "वारा सुटलाय, पूल बंद आहे, कोपनहेगनलाच राहतो," असा तुझा फोन आला, की मी इथे माल्मोत खिडकीशी जाते. पूल चालूच असतो. गाड्या पूल जिथे संपतो त्या बेटापर्यंत दिसतात, मग समुद्राखालच्या बोगद्यात शिरतात. त्यापलीकडचं मला काय दिसणार?

काल नाताळच्या खिरीत घातलेला एकच बदाम कुणालाच सापडेना. माझी आई म्हणाली, "ज्याला मिळालाय, त्याचं वर्षभरात लग्न होणार हं!" सगळे हसले. तेवढ्यात तुझ्या तोंडात तो कडकन फुटला.

आपल्याकडे बदाम मिळताच ओरडतात रे. सगळ्यांची खीर संपेपर्यंत गालात लपवून ठेवतात ते पुलापलीकडचे डॅनिश लोक. कुणाच्या घरी शिकलास हे?

अजून तरी तुझीच,
टूरुन