गोजराचे डोळे

कारंजा, ५ जानेवारी १९०९
धनजकडून बैलगाडीने आलो. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. कापसाचे व्यापारी रहमतुल्लाशेठ यांनी माडीवरची भरपूर उजेडाची खोली दिली. त्यांचे वडील दिलावरमियाँ इराणी धर्तीची बारीक चित्रं काढत. त्यांच्या चित्रपोथीला वाळवी लागली आहे, ती मी नीट करायची. शाळेत पोरांकडून केळी-आंब्यांची चित्रं काढून घेणाऱ्या ड्रॉइंगमास्तराला आणखी काय हवं? शेठच्या आई अमीनाबींनी आल्याआल्या शिरा पुढे केला. मी खाईन की नाही या काळजीत त्या, आणि अजून मिळेल की नाही या काळजीत मी.

९ जानेवारी
कुंचला खारीच्या शेपटीचा, टोकाला जेमतेम एक केस. रंग वाळला की पान पालथं घालून गुळगुळीत खड्याने घोटायचं, मग त्याला चमक येते.
शेवटच्या पानावर बागेत एक मुलगी आहे. लाल घागरा, हातात डाळिंब, सगळं पुरं. डोळे तेवढे कोरे. या घराची रीत अशी की डोळे सर्वांत शेवटी उघडायचे, तेही जिवंत माणूस समोर बसवूनच. त्याआधीच दिलावरमियाँ गेले. अमीनाबी म्हणाल्या, नात अख्तरी बसेल.
माझी लेक गोजरा एवढीच होती. गेल्या साली प्लेगात गेली. लहान म्हणून पुरली. आयुष्यभर लोकांचे चेहरे काढले, तिचा एक काढून ठेवला नाही. तिला अंधाराचं फार भय. डोळ्यांवर माझा तळवा असल्याशिवाय झोपायची नाही.

१२ जानेवारी
अख्तरी समोर शहाण्यासारखी बसली होती. पण माझा हात तिचे डोळे काढीना. गोजराचे काढले, आठवणीतले. कुणाला काय कळणार? शेवटचा ठिपका दिला आणि चित्रातली पोर माझ्याकडे बघू लागली. पोटभर रडलो. बरं वाटलं.

१३ जानेवारी
डाळिंब तिच्या हातातून खाली पडलं आहे. मी तसं काढलं नव्हतं. बागेच्या कडेने तपकिरी डाग आलाय. ओल असेल.

१४ जानेवारी
ओल नाही, माती आहे. बोटाला लागते. फुलझाडं बुडाली. मुलीने हात वर धरलेत, नखं मातीने भरलीत.
अमीनाबींना पान दाखवलं. डोळे कुणाचे, त्यांनी विचारलं. सांगितलं. त्यांनी पान पालथं घातलं.
"मास्तर, मेलेल्याचे डोये उघडले तं ते जिथं हाय तिथंच जागं होते."
उपाय एकच म्हणाल्या. ज्याने उघडले त्यानेच पात्याने खरवडायचे, म्हणजे ते पुन्हा निजतं.

१५ जानेवारी
माती गळ्याशी आली. पातं उचलतो, ठेवतो. एकदा माती दिली तिला. आता पुन्हा माझ्याच हाताने—

१६ जानेवारी
हनुवटी बुडाली. भरदुपार आहे, खोलीत एवढं ऊन, आणि माझी लेक—
एक डोळा खरवडला. ती ओरडली नाही.
दुसरा होत नाही. त्यावर उजवा तळवा ठेवलाय. डाव्या हाताने लिहितोय. अमीनाबी दाराशी रडताहेत, पातं घ्या म्हणतात.
नीज गं, गोजरे.
तळव्याखाली पापणी फडफडतेय. थांबली. नाही— पुन्हा—
बोलतेय.
"बाबा, हात काढ नं. मले काहीच दि—