पाच रुग्णालयं, एक स्कूटर

सोमवार, मार्गशीर्ष व. ४

अत्यंत खेदपूर्वक नोंदवतो की आज मला जॅकेट मिळालं. रंग कैरीचा, पट्ट्या चकाकत्या, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘समन्वयक’. साइज एकच: पैलवान. पुढच्या पट्ट्या एकमेकींना न चिकटता स्वेटरला चिकटतात आणि सुटताना मूठभर लोकर सोबत नेतात. निषेध नोंदवावा म्हटलं तर तो समन्वयकाकडे नोंदवायचा असतो.

(तिथीच लिहितो. बैठकांच्या तारखा पुढे जातात, तिथी अजून कुणाला ढकलता आलेली नाही.)

काम तेच, समन्वयाचं. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी घाटावर काही झालं, तर गोदाकाठच्या पाच खासगी रुग्णालयांनी एकमेकांना विचारून चालावं, एकमेकांवर ढकलून नव्हे. पाठशाळेत समन्वय शिकलो तो ग्रंथातल्या भांडणाऱ्या वचनांचा. वचनं बिचारी निदान वेळेवर हजर असायची.

नावं लिहिणार नाही. ज्याच्या दारासमोर जे आहे ते त्याचं नाव: वड, पूल, देऊळ, मंडई, पंप. पूलवाले भाऊसाहेब सर्जन, वयाने मोठे, गटाचे अध्यक्ष. आज म्हणाले, “शास्त्रीबुवा, रंगीत तालमीची तारीख आधी सांगून ठेवा. म्हणजे आम्ही तयारीत राहतो.”

म्हटलं, कठडा तुटतो तो तारीख कळवून तुटत नाही.

“तुम्ही ना, श्लोक म्हणायचं सोडलंत तर फार बरा माणूस आहात.”

श्लोक म्हटलाच नव्हता.

बुधवार, व. ६

पाचही ठिकाणी फेरी. रुग्णवाहिकेतूनच गेलो, कारण चालक रामदासला पंचवटीतल्या वाटा पुन्हा पाहायच्या होत्या. हा सिन्नरचा. म्हणतो, “सर, एकदा भाजीबाजारात शिरलो ना, की सायरन लावा नायतर सनई लावा, कोन हालत नाय.” सनईचं करून पाहावं असं मनात आहे.

प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न. ऑक्सिजन? आहे. रक्त? सांगितलं की येतं. थिएटर? तयार. भूल देणारं माणूस? “आहे की. एका फोनवर हजर.” पाचही ठिकाणी तेच उत्तर, तोच आत्मविश्वास. खूष होऊन घरी.

बायको, माधवी, अर्थात उशिरा. ती भूलतज्ज्ञ. नोकरी कुठेच नाही, बोलावणं येईल तिथे स्कूटर, बॅग डिकीत. लोकांना झोपवण्याचं काम या घरात दोघंही करतो, ती औषधाने, मी इतिवृत्ताने. जेवताना तिला तीन फोन. म्हटलं, तुझ्यापेक्षा तुझ्या आमटीला वाट पाहायची जास्त सवय आहे.

“आमटी निदान गप्प बसते,” म्हणाली, आणि चौथा घेतला.

शुक्रवार, व. ८

जाहीर केलं. तालीम पुढच्या आठवड्यात होणार आणि दिवस सांगणार नाही.

भाऊसाहेब: “हा आमच्यावर अविश्वास आहे.”

होय.

“लेखी द्याल?”

आत्ता देतो.

आमच्याकडची रीत अशी. तालमीच्या दिवशी सकाळपासून वॉर्ड रिकामे, चादरी कोऱ्या, सगळे डॉक्टर दारात. जखमी आले की फोटो. गेल्या खेपेला देऊळवाल्यांनी जखमींना गुलाब दिले होते. एका जखमीने वाकून नमस्कार केला, फ्रॅक्चर झालेल्या पायाने.

दिवस काढून घेण्याचे प्रयत्न सुरू. देऊळकडून द्राक्षांची पेटी. मंडईकडून चिवडा. दोन्ही खाल्लं, दिवस सांगितला नाही. मंडईच्या मेट्रननी माधवीला गाठलं. ही म्हणाली, “त्यांना लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, ते तुम्हाला तारीख काय सांगणार.” हे खोटं आहे. एकदाच विसरलो होतो.

माधवीलाही सांगितलेलं नाही. नियम म्हणजे नियम. शिवाय ती कुठल्याच रुग्णालयाची नाही, तिचा काय संबंध.

सोमवार, व. ११, एकादशी

झाली.

खोटी घटना अशी: घाटाच्या पायऱ्यांवरचा कठडा तुटला. नर्सिंगच्या मुली जखमी, गळ्यात दुखापतीच्या चिठ्ठ्या. पाचही दारांत एकदमच पाठवल्या, प्रत्येक दारात एक तरी अशी की जिला ताबडतोब ऑपरेशन लागावं. खरी भूल द्यायची नाही, पण भूलतज्ज्ञ थिएटरच्या दारात दिसला पाहिजे. इतकंच.

मी पूलच्या कॅज्युअल्टीत उभा, जॅकेट घालून. स्ट्रेचर झटकन आलं. रक्ताची मागणी गेली. भाऊसाहेब हात धुऊन तयार. कबूल करतो, देखणं काम. मग सिस्टरनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

“मॅडम उचलत नाहीयेत.”

कोणत्या मॅडम?

सिस्टरनी फोन खाली ठेवला. “तुमच्याच, सर.”

वडाला फोन केला, ते मॅडमनाच लावत होते. देऊळ: मॅडम. मंडई: मॅडम. पंपावर मॅडम प्रत्यक्ष होत्या, पण आत, खऱ्या सिझेरियनला. त्यांचा फोन बाहेर टेबलावर थरथरत होता. मॅडम नाहीत तर कोण, याचंही उत्तर पाचांकडे एकच. दुसरे एक डॉक्टर, ते आज लासलगावला. ते नाहीत तर? तिसरे, ते सिन्नरला.

पाचही रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आहे. कुणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून पाहिलं, आणि तिची स्कूटर प्रत्येकाला दिसली. मी तर ती रोज सकाळी पुसतो.

पूलची जखमी बराच वेळ आडवी होती. शेवटी मान वर करून म्हणाली, “सर, मी मेले का?”

म्हटलं, बहुधा.

“मग खिचडी खाऊ?” उपासाची आली होती. खाल्ली.

संध्याकाळी.

माधवी आली ती कोपर सोलून. बाळ-बाळंतीण सुखरूप करून बाहेर येते तर चार ठिकाणचे फोन, पुन्हा पुन्हा. उलट लावले तर सगळे बिझी, कारण सगळे तिलाच लावत होते. तिला वाटलं, घाटावर खरंच काहीतरी झालं. पूल जवळचा म्हणून तिकडे निघाली, भाजीबाजारातून. हातगाडीचा दांडा लागला, पडली. कोथिंबिरीवर पडले म्हणून वाचले, म्हणते. हसत नव्हती.

“मला सांगता आलं नाही?”

कोणालाच सांगायचं नाही असं ठरलं होतं.

“मी कोणीच का?”

कापूस घेऊन पुढे झालो तर म्हणाली, राहू द्या, आणि डाव्या हाताने स्वतःच लावलं.

मंगळवार, व. १२

बैठक. भाऊसाहेबांचा निष्कर्ष तयारच होता: तालीम समाधानकारक, किरकोळ त्रुटी. खाली माझ्या सहीची जागा.

किरकोळ कोणती?

“फोन न लागणं.”

म्हटलं, लागला असता तरी ती एकाच दारात उभी राहिली असती.

मंडईवाले म्हणाले, “शास्त्रीबुवा, हा तुमचा घरचा प्रश्न आहे. वहिनींना सांगा, जरा भरभर.” सगळे हसले. मीही हसलो. मग सही केली नाही.

माझा मजकूर मीच लिहिला. पाचही ठिकाणी जखमी थिएटरच्या दारात थांबले. कारण पाचांचा भरवसा एकाच व्यक्तीवर आहे. खाली मागणी: पर्वणीच्या दिवसांत जी ऑपरेशनं थांबू शकतात ती थांबवावीत. लासलगाव-सिन्नरचे भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीच शहरात मुक्कामाला आणावेत. आणि एका माणसाच्या नावावर एकच दार.

“थिएटरं बंद ठेवायची?” भाऊसाहेब.

तातडीची चालूच राहतील. त्यासाठीच तर.

“वर काय तोंड दाखवायचं आम्ही?”

जे आहे ते.

“असं असेल तर समन्वयक बदलावा लागेल.”

म्हटलं, अवश्य, आणि जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. मंडईने घालून पाहिलं. वडाने घालून पाहिलं. मंडई त्यात तंबूत राहायला आल्यासारखे दिसत होते. विषय पुढच्या बैठकीवर गेला, जॅकेट माझ्याकडे परत आलं.

अहवाल माझ्या मजकुरासह वर, सिंहस्थाच्या कार्यालयात, पाठवला. पोच घेतली. घरी चालत आलो, बऱ्याच दिवसांनी ताठ.

गुरुवार, व. १४

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. शेजारी हळदीकुंकू, माधवी पंपावर. शेजारच्या काकूंनी तिचं वाण माझ्याच हातात दिलं, केळं आणि पुस्तिका. केळं खाल्लं.

माझ्या मागणीला वड तयार. देऊळही तयार, “आमचं माणूस आम्ही शोधतो” म्हणाले. गुलाबांचं सगळं माफ. मंडई: बघू. पंप: पूल काय म्हणतो ते बघू. पूल माझ्याशी बोलत नाही.

दुपारी रामदास आला. “सर, लासलगावचे डॉक्टर आले तर ऱ्हातील कुठं?”

कोण विचारतंय?

“भाऊसाहेब म्हनले, असंच इचार. मी इचारलं म्हनून नको सांगू.”

म्हटलं, असंच सांग, माझ्या घरी राहतील. मी सांगितलं म्हणून नको सांगू.

“लय अवघड हे तुमचं सगळ्यांचं,” म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

वरूनही फोन. अहवालाची भाषा जरा मवाळ करता येईल का? म्हटलं, भाषा मवाळच आहे, आकडा कडक आहे, आणि तो एक आहे. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग, “बरं, बघतो.” आणखी एक बघू.

शुक्रवार, अमावास्या

आज माधवीला विचारलं. एका नावावर एकच दार हे मीच लिहिलंय. तर तुझं दार कोणतं?

“ज्याचा फोन आधी येईल ते.”

तसं चालणार नाही. त्यासाठीच तर एवढं भांडलो.

“मग तुम्ही सांगा. समन्वयक तुम्ही.” कोपरावरची पट्टी बदलत होती. आज कापूस मला धरू दिला. “पाचही ठिकाणच्या सिस्टर मला नावाने ओळखतात हो. कुणाला म्हणू, आता तुमच्याकडे येत नाही?”

मग खुंटीवरचं जॅकेट काढून घातलं, आरशासमोर उभी राहिली. तिलाही पैलवान. “हे मला द्या. गर्दीत पोलीस वाट तरी देतील.” पाठीवर समन्वयक लिहिलंय म्हटलं, तर म्हणाली, “मग काय चुकलं?” घडी करून डिकीत ठेवलं, बॅगेशेजारी. मला आता जॅकेट नाही. ज्याचा इतका खेद केला त्याची खुंटी रिकामी दिसते.

भाऊसाहेबांना भीत नाही. वरच्यांना तर नाहीच. सही करणार नाही, मजकूर बदलणार नाही, आणि पुढची तालीमही न सांगता घेणार, चिवडा आला तरी.

पण एक गोष्ट अहवालात नाही. ती इथे लिहून ठेवतो.

पर्वणीला खरंच काही झालं, आणि तोवर तीन दारं ‘बघू’वरच राहिली, तर माधवीला कुठे पाठवायचं हे मी सांगणार. उरलेल्या दारांत जे थांबतील ते माझ्या शब्दाने थांबतील. आणि त्या गर्दीत ती स्कूटर घालेल, कारण फोन माझा असेल. ती नाही म्हणणार नाही. तिने आजवर कुणालाच म्हटलेलं नाही.

तालमीत पडली तेव्हा खाली कोथिंबीर होती.

मला भीती वाटते. तिला सांगितलेलं नाही.