उत्पादकाचं पूर्ण नाव

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या, तुम्ही जिन्यावर चिडता. चिडून पायऱ्या कमी होत नाहीत, तेव्हा शेक घेत जा. इकडे सगळं ठीक. यंदा मला एकोणीस मधमाश्या चावल्या आणि एक अधिकारी बाई. (माश्यांची सूज उतरली.)

झालं असं, की परसातल्या चार पेट्यांचा मध इतकी वर्षं मी फुकट वाटला, तेव्हा परवाना कोणालाच आठवला नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार विकायला ठेवतो म्हणाला आणि सगळे नियम खडबडून जागे झाले. कार्यालयातल्या बाईंनी माझं लेबल (मीच रंगवलेलं, फुलांच्या वेलीसकट) चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि लाल पेन उचललं. ‘खोकल्यावर गुणकारी’ खोडलं; तसं लिहिलं तर म्हणे ते औषध होतं, आणि औषधाची खिडकी दुसऱ्या मजल्यावर. ‘शुद्ध’ खोडलं, तपासणीचा कागद कुठंय? मग हवं ते सांगितलं: वजन, बॅच नंबर, भरल्याची तारीख, वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये ही सूचना, परवाना क्रमांक, उत्पादकाचं पूर्ण नाव, पत्ता.

एवढं लिहिल्यावर बाटलीत मध आहे की शाई, हे दिसायला जागा उरेना. म्हणून मोठ्या बाटल्या आणल्या. बाई म्हणाल्या, “वजन वाढलं ना, मग अक्षरंही मोठी हवीत.” मी आणखी मोठ्या आणल्या. अक्षरं आणखी वाढली. तिसऱ्या खेपेला बरणी कडेवर घेऊन गेले, तेव्हा शिपायाने दार धरलं आणि बाईंनी पहिल्यांदाच खुर्ची दिली. घरी ‘हे’ म्हणाले, “नावाची नुसती आद्याक्षरं टाक, जागा होईल.” दादा, लग्नपत्रिका सोडली तर माझं नाव आजवर कशावरही छापलेलं नाही. (तिथेही ते चुकलं होतं.) मी वेल काढली, फुलं काढली, ‘घरच्या पेट्यांचा’ काढलं; नाव काढणार नाही. शेवटी पहिल्याच लहान बाटलीवर, नियमात बसेल एवढ्या उंचीचं, ते मावलं. हट्ट म्हणा हवं तर. आहेच.

वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी

ता. क. मध भरायला स्वयंपाकघर चालत नाही. दार आणि नळ असलेली वेगळी खोली लागते. तशी घरात एकच आहे, तुमची. तुमचं सामान माळ्यावर नीट लावलंय. (नीट म्हणजे, चढवलंय.)

आणखी एक. राहतो आम्ही, पण घर वडिलांनी तुमच्या नावावर केलंय, म्हणून सोबतच्या संमतिपत्रावर तुमची सही हवी. ‘या खोलीत कोणीही झोपणार नाही’ असं त्यात छापलंय. वाचून सही करा. न वाचता केलीत तर जास्त बरं.

आणि शेवटचं. नाही म्हणायचं असेल तर उशीर झालाय, तीनशे लेबलं छापून आली. एक पाठवतेय. परवाना क्रमांकाची जागा कोरी आहे, ती तुमच्या सहीवर अडलीय. नाव मात्र छापलंय, पूर्ण. एकदा मोठ्याने वाचा, दादा. मला इथे ऐकू येणार नाही, तरी वाचा.